पक्षच नव्हते, मग बहुमत कसं जुळायचं? न्यू साउथ वेल्स, १८५६ ते १८८९

(चर्चामंचावरचा धागा. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळटीप

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीच्या प्रीमियरांची, म्हणजे सरकारप्रमुखांची, यादी पाहिली तर पहिली तीसेक वर्षं तीच ती नावं फिरत राहतात: काउपर, मार्टिन, रॉबर्टसन, पार्क्स. मधेच फॉर्स्टर किंवा फार्नेल डोकावतो. कुणाच्याही नावापुढे पक्ष नाही. १८७७ या एका वर्षात तर चार सरकारं झाली: रॉबर्टसन, पार्क्स, पुन्हा रॉबर्टसन, आणि डिसेंबरात फार्नेल.

जाणकारांना चार प्रश्न आहेत. पक्ष नाही तर आपल्यामागे बहुमत आहे हे माणसाला कळायचं कसं? जमिनीच्या प्रश्नावर एकमेकांच्या विरोधात असलेले मार्टिन आणि रॉबर्टसन १८७०मध्ये एकाच मंत्रिमंडळात बसले, १८७८मध्ये रॉबर्टसन पार्क्सबरोबर गेला. मग हे सरळसरळ आयाराम-गयाराम राजकारण म्हणायचं का? १८७२ ते १८७७ या काळात कोणता सदस्य कुणाच्या गटात होता हे शोधायचं तर पद्धत काय? आणि हा सगळा प्रकार १८८७-८९च्या सुमाराला एकाएकी संपला कसा?

दप्तरखाना

आयाराम-गयाराम म्हणायचं तर सोडून जायला आधी पक्ष पाहिजे. तो नव्हता. गट मात्र होते, आणि गटाचा गाभा बऱ्यापैकी टिकाऊ होता. गडबड व्हायची ती गाभ्याबाहेरच्या माणसांमुळे.

हिशेब असा करा. १८५६ला जबाबदार शासन (सभागृहाच्या बहुमतावर उभं असलेलं मंत्रिमंडळ) आलं तेव्हा विधानसभेत ५४ जागा होत्या. १८५८च्या निवडणूक कायद्यानं त्या ८० झाल्या (पुरुषांना जवळजवळ सरसकट मताधिकार आणि गुप्त मतदान याच कायद्यातलं), १८५९च्या डिसेंबरात क्वीन्सलंड वेगळं निघालं आणि ७२ उरल्या. पुढची वीसेक वर्षं आकडा तिथंच घुटमळला. ७२मधून सभापती वजा करा, तो फक्त समसमान मतं पडली तर मत देतो. उरले ७१. यांना पगार नाही, सदस्यांना मानधन १८८९ला सुरू झालं. कुणी वकील, कुणी व्यापारी, कुणी दूरच्या कुरणांचा मालक. त्यामुळे सगळे कधीच हजर नसतात. समजा, मोठ्या रात्री ५५ जण आले. सरकार तरायला २८ लागतात. नेत्याचा स्वतःचा गाभा समजा पंधरा-सोळांचा. म्हणजे बारा-तेरा मतं बाहेरून आणायची, तीही दर वेळी नव्यानं.

ही बाहेरची माणसं तीन जातींची. पहिली, एखाद्या छोट्या नेत्याचे चार-सहा अनुयायी. यांना मंत्रिपद देऊन घाऊक घेता येतं. दुसरी, स्वतःला कुणाचाच न मानणारे. यांची मनधरणी एकेकाची. तिसरी सर्वांत कामाची आणि सर्वांत कमी बोलणारी: जे सरकार येईल त्याला मत देणारे. त्यांना सिडनीतल्या वर्तमानपत्रांत ‘रस्ते आणि पूलवाले’ म्हणून हिणवलं जाई, पण त्यांची अडचण खरी होती. १८५८च्या कायद्यानं नगरपालिका काढता येत होती, पण ती ऐच्छिक होती, आणि कर बसेल म्हणून बहुतेक गावांनी काढलीच नाही. मग गावचा पूल, पोस्ट, शाळा, कोर्टाची इमारत, सगळ्याचा पैसा वसाहतीच्या तिजोरीतून यायचा, आणि अंदाजपत्रकात एकेक ओळ म्हणून मंजूर व्हायचा. मतदारसंघाला पूल हवा असेल तर सदस्यानं सार्वजनिक बांधकाम मंत्र्याशी वाकडं घेणं परवडत नव्हतं.

आता खातेवाटप. प्रीमियर हे कायद्यानं वेगळं पद नव्हतं. नेता बहुतेकदा कलोनियल सेक्रेटरीचं (वसाहतीच्या मुख्य प्रशासकीय मंत्र्याचं) खातं घेई, मार्टिन अॅटर्नी जनरल (सरकारचा कायदामंत्री) राहून प्रीमियर होता. मंत्री सहा-आठच. सगळी खाती आपल्याच माणसांना दिली तर सभागृहात बेरीज होत नाही. फार बाहेरची घेतली तर मंत्रिमंडळातच विरोधी पक्ष बसतो. त्यात अॅटर्नी जनरलला बॅरिस्टर लागायचा, आणि सभागृहातले बॅरिस्टर मोजके. तिथं नेत्याला फारशी निवड नसे.

पार्क्सचं १८७२चं मंत्रिमंडळ यासाठी बघण्यासारखं आहे. एडवर्ड बटलर अॅटर्नी जनरल होता. १८७३ला सर आल्फ्रेड स्टीफन मुख्य न्यायाधीशपदावरून निवृत्त झाले. पार्क्सनं ती जागा बटलरला मिळेल असं भासवलं, मग विरोध झाल्यावर मागे घेतलं आणि दिली कुणाला, तर जेम्स मार्टिनला, म्हणजे विरोधी गटाच्या म्होरक्याला. मार्टिन सभागृहातून कायमचा गेला, त्याच्या माणसांना डोकं उरलं नाही. बटलरनं राजीनामा दिला आणि पार्क्सला एक चांगला वक्ता गमवावा लागला. नफा-तोटा तुम्हीच मांडा. मला नेहमी वाटतं की त्या काळात गट पराभवानं क्वचित संपायचा, नेमणुकीनं संपायचा. काउपरचंही तेच: १८७०च्या डिसेंबरात तो एजंट जनरलच्या (लंडनमधल्या वसाहतीच्या प्रतिनिधीच्या) जागेसाठी बाजूला झाला, लंडनला गेला, आणि त्याचा वारसा रॉबर्टसनकडे आला.

पोटकलम

वरचं चित्र बरोबर आहे, पण त्यातून असं वाटेल की सगळा खेळ पुलांचा आणि खुर्च्यांचा होता. १८६०-६१ बघा. रॉबर्टसनच्या जमीन विधेयकाचं मर्म एकच होतं, मोजणीआधी निवड. कुणीही सरकारी जमिनीवर जाऊन, अगदी कुरणमालकाच्या भाडेपट्ट्यातलीसुद्धा, ४० ते ३२० एकरांचा तुकडा निवडायचा, एकरी १ पौंड भाव, त्यातला चौथा हिस्सा आगाऊ, आणि तीन वर्षं तिथं राहायचं. जॉन हे यांनी मोजणी आधी झालीच पाहिजे अशी दुरुस्ती मांडली आणि ती मंजूर झाली. रॉबर्टसननं राजीनामा न देता विधानसभा बरखास्त करून घेतली आणि डिसेंबर १८६०ची निवडणूक याच एका मुद्द्यावर लढवून जिंकली. त्या निवडणुकीत कुंपणावर बसायला जागा नव्हती.

पुढचा अडथळा विधान परिषद. ती नेमलेली, तिची पाच वर्षांची मुदत मे १८६१मध्ये संपत होती. जानेवारीपासून प्रीमियर काउपर, आणि रॉबर्टसन विधेयकं पुढे न्यायला परिषदेत गेलेला. परिषद ऐकेना तेव्हा गव्हर्नर सर जॉन यंग यांच्याकडून २१ नवे सदस्य नेमून घेतले. १० मेला ते शपथ घ्यायला आले, तर अध्यक्ष सर विल्यम बर्टन राजीनामा देऊन उठले, पाठोपाठ इतर सदस्य उठले, कोरम संपला. २१ जण नुसतेच बसून राहिले. विधेयकं त्याच वर्षी, नव्यानं नेमलेल्या परिषदेनं मंजूर केली.

म्हणजे मोठा प्रश्न आला की गट रांगेत येत. प्रश्न मिटला की रांग मोडे. १८६१नंतर जमीन कायद्याला उघड विरोध करून सरकार चालवता येईना, मग मार्टिन आणि रॉबर्टसन यांच्यात भांडण्यासारखं उरलं काय? १८७०च्या युतीवर तेव्हा टीका खूप झाली, पण ती तत्त्व सोडल्याची कमी आणि जुळणी चमत्कारिक दिसल्याची जास्त होती. शेवटी ते सरकार व्हिक्टोरियाबरोबरच्या सीमेवरच्या जकातीत अडकलं आणि १८७२ची निवडणूक हरलं.

तळटीप

दोघांचे आभार. एक शंका: मंत्री झाल्यावर पुन्हा निवडून यावं लागायचं असं वाचलं. मग सरकार बनल्या बनल्या सभागृहात मंत्रीच नाहीत, असं व्हायचं का?

शून्यप्रहर

व्हायचं, आणि ते गटांच्या काळातलं सर्वांत अवघड वळण होतं. पगारी मंत्रिपद घेतलं की जागा आपोआप रिकामी, पोटनिवडणूक लढवायची. न्यू साउथ वेल्समध्ये हा नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत होता. परिणाम तीन. सभागृह काही आठवडे तहकूब ठेवावं लागे. ते तहकूब होण्याआधी मतदान झालंच तर सरकारची सहा-सात मतं कमी. आणि खातं देताना माणसाची लायकी बघायची तशी त्याची जागाही: काठावर निवडून आलेल्याला मंत्री करणं म्हणजे जागा घालवण्याचा धोका.

हा धोका पुरता वसूल झालेला पाहायचा तर कॅनडा प्रांतात जा, १८५८. राजधानीच्या प्रश्नावर मॅक्डोनाल्ड-कार्टिए सरकारनं जुलैअखेर राजीनामा दिला. जॉर्ज ब्राउन आणि दोरिओं यांनी २ ऑगस्टला शपथ घेतली, आणि शपथ घेतल्यामुळेच त्यांच्या मंत्र्यांच्या जागा रिकाम्या झाल्या. त्याच रात्री अविश्वास मंजूर. गव्हर्नर जनरल सर एडमंड हेड यांनी निवडणूक द्यायला नकार दिला, ४ तारखेला सरकार संपलं. आता जुने मंत्री परत आले तर त्यांनाही पोटनिवडणुका लढाव्या लागणार. पण १८५७च्या कायद्यात एक पळवाट होती: राजीनामा दिलेल्या मंत्र्यानं महिन्याच्या आत *दुसरं* पद घेतलं तर पुन्हा निवडून यायची गरज नाही. ६ ऑगस्टला सगळ्यांनी भलतीच खाती घेतली, मॅक्डोनाल्ड पोस्टमास्टर जनरल झाला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या जुन्या खात्यात परतला. जागा कुणाचीच गेली नाही. ‘डबल शफल’ म्हणून हा प्रकार आजही तिथं ओळखला जातो.

न्यू साउथ वेल्सच्या निवडणुकांचीही एक गंमत जाता जाता. १८९४पर्यंत मतदान एका दिवशी नसे, मतदारसंघांच्या तारखा दोन-तीन आठवड्यांत विखुरलेल्या असत. नेता शहरात पडला तर उशिराच्या तारखेच्या गावी जाऊन उभा राहू शके. १८८२ला पार्क्स ईस्ट सिडनीत पडला आणि टेंटरफील्डमधून आला. यादी करताना याची नोंद ठेवा. नाहीतर एकाच निवडणुकीतला एकच माणूस पराभूतांतही दिसेल आणि विजयी सदस्यांतही.

मतमोजणी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, म्हणून लिहितो. गट शोधायचे ते भाषणांतून नाही, मतविभाजनाच्या याद्यांतून. प्रत्येक मतविभाजनात होकाराची आणि नकाराची नावं सभागृहाच्या ‘व्होट्स अँड प्रोसीडिंग्ज’मध्ये छापलेली असतात. समिती टप्प्यावरची मतविभाजनं वेगळ्या साप्ताहिक पत्रकात असतात. ती विसरली तर निम्मा माल हातचा जातो, कारण अंदाजपत्रकावरची खरी झुंज समितीतच होई. भाषणांचं अधिकृत हॅन्सार्ड १८७९ला सुरू झालं, त्याआधीसाठी वर्तमानपत्रं. ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर ती फुकट आहेत.

पहिली चाळणी महत्त्वाची. सगळी मतविभाजनं एकत्र करून टक्केवारी काढली की गट दिसतच नाहीत, सगळी खिचडी होते आणि माणूस म्हणतो, ‘बघा, गटबिट काही नव्हते.’ खाजगी विधेयकं, रेल्वेचा मार्ग, दारूचे परवाने, शाळा आणि धर्म, यांवर सदस्य मतदारसंघाप्रमाणे किंवा पंथाप्रमाणे मत देत, आणि नेते त्यांना देऊ देत. ही बाजूला काढा. ठेवायची ती अशी: अविश्वास आणि निंदाव्यंजक ठराव, राज्यपालांच्या भाषणाला उत्तर, खर्चाच्या मंजुरीला अडवणारे प्रस्ताव, आणि तहकुबीचे प्रस्ताव. तहकुबी क्षुल्लक वाटते, पण रात्री साडेअकराला ‘आता थांबू या’ यावर झालेलं मतदान गट दाखवायला उत्तम. त्यात मुद्दा काहीच नसतो, फक्त माणूस कुणाचा हे असतं.

मग एका अधिवेशनाचा एक तक्ता. आडव्या ओळीत सदस्य, उभ्या रकान्यात मतविभाजन. खुणा तीन: नेत्याबरोबर, नेत्याविरुद्ध, गैरहजर. गैरहजर म्हणजे विरुद्ध नव्हे. दोन बाजूंचे दोघं ठरवून गैरहजर राहत, ती जोडी अधिकृत यादीत येत नाही, वर्तमानपत्रात कधी येते. दहा-बारा चांगली मतविभाजनं मिळाली तर नेत्याबरोबर जवळजवळ दर वेळी असलेले गाभ्यात धरा. आठ-नऊ वेळा असलेले समर्थक. त्याखाली गट म्हणू नये.

खरी परीक्षा पुढे आहे. एकाच अधिवेशनात सरकारबरोबर दिसणारा माणूस नेत्याचा, की ‘सरकार’ या वस्तूचा? सरकार पडल्यानंतरचं पहिलं अधिवेशन घ्या. जो नेत्यामागोमाग विरोधी बाकांवर गेला तो गाभ्याचा. जो जागचा हलला नाही आणि नव्या सरकारला मत देऊ लागला तो रस्ते-पूलवाला. १८७५चा फेब्रुवारी यासाठी सोयीचा आहे: दरोडेखोर फ्रँक गार्डिनरच्या सुटकेवरून पार्क्सचं सरकार गेलं, रॉबर्टसन आला. १८७७ला हे तीनदा घडलं, म्हणजे तीन वेळा पडताळणी आयती.

चुका कुठं होतात? एकाच आडनावाचे दोन सदस्य. अधिवेशनाच्या मध्ये झालेल्या पोटनिवडणुका. मंत्री होऊन जागा रिकामी झालेला काळ, जो गैरहजेरी म्हणून नोंदला जातो. आणि मोजणीदार: प्रत्येक बाजूचे दोन मोजणीदार यादीत वेगळे दाखवलेले असतात, टंकताना ते गळतात. खरं तर तेच आधी पाहावेत. वारंवार मोजणीदार होणारा माणूस बहुधा त्या गटाचा प्रतोद.

कोरमवरही लक्ष ठेवा. सभापती सोडून २० सदस्य लागत. ‘बाहेर काढून मोजणी’, म्हणजे आपली माणसं हळूच बाहेर न्यायची आणि कुणीतरी कोरमकडे बोट दाखवायचं, हे गटाचं स्वस्त हत्यार होतं. ते मतविभाजनात दिसत नाही, फक्त ‘कोरम नसल्यानं सभा तहकूब’ एवढी ओळ सापडते, आणि हजर असलेल्यांची नावं. गैरहजर कोण हेच तिथं वाचायचं.

दप्तरखाना

वा! तहकुबीचा मुद्दा लाखमोलाचा. १८७७बद्दल एवढंच जोडतो: त्या वर्षी कुणाचीच बेरीज होत नव्हती, कारण पार्क्सचे आणि रॉबर्टसनचे गट जवळपास तुल्यबळ होते आणि दोघांनाही कंटाळलेले लोक तिसरीकडे जमा झाले होते. त्या तिसऱ्या घोळक्यातून फार्नेलचं सरकार निघालं, ते वर्षभर चाललं. १८७८च्या डिसेंबरात पार्क्स आणि रॉबर्टसन एकत्र आले, रॉबर्टसन विधान परिषदेत गेला, आणि दोन मोठे गाभे एका बाजूला आल्यावर सरकार थेट १८८३च्या जानेवारीपर्यंत टिकलं. १८८०चा शिक्षण कायदा याच काळातला.

पोटकलम

शेवटचा प्रश्न, संपलं कसं. माझं मत: तिजोरीमुळे. १८७०च्या दशकात सरकारी जमिनीच्या विक्रीचा पैसा चालू उत्पन्न म्हणून धरला जाई. तो इतका येई की कर न वाढवता सगळ्यांचे पूल बांधता येत. सगळ्यांना खूश ठेवता येतं तोवर गटाचं राजकारण छान चालतं. १८८३ला स्टुअर्ट सरकारनं जमिनीचे लिलाव थांबवले, उत्पन्न घसरलं, दुष्काळ आला, तूट वाढली. १८८६ला जेनिंग्जनं आयातीवर मूल्याच्या ५ टक्के जकात लावली. झालं. पूल मागणारा सदस्य ‘मी सरकारबरोबर’ म्हणून सुटत होता. जकातीवर मात्र त्याला मतदारांपुढे हो किंवा नाही म्हणावं लागलं. पार्क्सनं १८८७ची निवडणूक मुक्त व्यापारावर जिंकली. १८८९ला दोन्ही बाजूंनी संघटना उभ्या करून उमेदवार दिले, निकाल मुक्त व्यापारवाले ७१, संरक्षणवाले (आयातीवर जकात हवी म्हणणारे) ६६. आता यादीत नावापुढे पक्ष लिहिता येतो.

व्हिक्टोरियात जकातीचं भांडण १८६५लाच पेटलं होतं, आणि तिथं पक्षासारखी रचनाही लवकर दिसते. हा योगायोग नसावा.

मतमोजणी

तिजोरी हे एक कारण मान्य, पण १८८९चे ‘पक्ष’ जरा जपून म्हणा. माझ्या तक्त्याच्या भाषेत ते अजून अर्धे गटच होते, आतमध्ये पार्क्सचे, संरक्षणवाल्यांच्या डिब्जचे असे गाभे शाबूत. मतदानाला बांधून ठेवणारी वस्तू १८९१ला आली: कामगार पक्षाचे १४१पैकी ३५ सदस्य. त्यांचं धोरण उघड होतं, सवलती द्या आणि पाठिंबा घ्या. पण गंमत अशी की पहिल्याच वर्षी जकातीच्या प्रश्नावर तेही फुटले. म्हणून मग सर्वांनी कॉकसच्या (पक्षाच्या सदस्यांच्या बैठकीच्या) निर्णयाप्रमाणेच मत द्यायचं अशी लेखी प्रतिज्ञा कडक केली गेली. जोसेफ कुकसारख्यांनी ती नाकारली आणि १८९४ला कुक मुक्त व्यापारवाल्या रीडच्या मंत्रिमंडळात गेला.

तळटीप

म्हणजे माझ्या तक्त्यात १८७२-७७साठी गाभा, समर्थक, रस्ते-पूलवाले आणि स्वतंत्र असे चार रकाने पुरतील. एक बाजूचा प्रश्न: मुंबईच्या कायदेमंडळात असे गट का दिसत नाहीत?

शून्यप्रहर

कारण पाडायला सरकारच नव्हतं. १८६१च्या कायद्यानं मुंबईत कायदेमंडळ आलं, जगन्नाथ शंकरशेट त्यावर नेमले गेले, पण गव्हर्नरचं कार्यकारी मंडळ सदस्यांच्या मतांवर उभं नव्हतं. १९२१नंतर द्विदल राज्यपद्धतीत काही खाती मंत्र्यांकडे आली, तरी सरकारी सदस्यांची ठोक मतं मंत्र्यांच्या मागे असत. पूर्ण जबाबदार मंत्रिमंडळ १९३७ला, आणि तोवर काँग्रेस ही सभागृहाबाहेर बांधलेली संघटना आतमध्ये आलेली होती. मधे एप्रिल ते जुलै १९३७ धनजीशा कूपर यांचं अल्पमतातलं मंत्रिमंडळ होतं. ते तेवढं टिकलं, कारण त्या काळात विधानसभेची बैठकच बोलावली नाही.

रकान्यांबद्दल: ‘स्वतंत्र’ हा रकाना शेवटी भरा. आधी भरला तर न जुळणारं सगळं त्यात जाऊन बसतं.